चपला कुणी कुणापुढे काढायच्या?

परवा रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत गेलो होतो. साहेबांच्या केबिनबाहेर चपलांचे तीन-चार जोड, सगळे खेड्यातून आलेल्या माणसांचे. एक कंत्राटदार मात्र बुटांसकट सरळ आत गेला. दारावर पाटी नव्हती, शिपायानेही कुणाला हटकलं नव्हतं. बाकावरच्या आजोबांना विचारलं, "चपला का काढल्यात?" म्हणाले, "साहेबांसमोर जायचंय ना."

घरात, देवळात आपण चपला काढतो ते समजतं. पायांची घाण बाहेर राहावी, देवाचा मान राहावा. कचेरीतल्या चपलांचा इतिहास वेगळा आहे.

मोठ्यांपुढे अनवाणी जायचा इथल्या दरबारांचा रिवाज कंपनी सरकारने आयता उचलला. 1854 मध्ये ठराव करून विलायती बूट-मोजे घालणाऱ्या एतद्देशीयांना दरबारात सूट दिली, तीही आधी बंगालकडे. देशी जोडा घालणाऱ्याने तो काढायचाच! म्हणजे प्रश्न स्वच्छतेचा नव्हताच. 1862 मध्ये सुरतेला माणकजी कावसजी या पारशी गृहस्थांनी कोर्टात बूट काढायला नकार दिला, त्यावरून मोठा वाद झाला.

आता गंमत बघा. हेच इंग्रज ब्रह्मदेशात गेले की उलटं बोलायचे. मंडालेच्या राजापुढे अनवाणी जाऊन जमिनीवर बसायची रीत होती. 1875 मध्ये फोर्सिथ साहेब मिंडान राजाला तसे भेटले, आणि त्यानंतर हिंदुस्थान सरकारने फर्मावलं की यापुढे आमचा वकील बूट काढणार नाही. राजा हटला नाही. इंग्रज वकिलाची राजाशी समोरासमोर भेटच बंद झाली. 1885 च्या निर्वाणीच्या खलित्यातही आमचा वकील अपमानकारक उपचार पाळणार नाही, हे बजावलेलं होतं. युद्धाची कारणं अर्थात सागवान, व्यापार आणि फ्रेंचांची धास्ती ही होती. बुटांवरून कुणी राज्य बुडवत नाही. पण राज्य गेलं, आणि मिंडानचा मुलगा थिबा 1886 मध्ये आपल्या रत्नागिरीत कैदी म्हणून आला. 1916 मध्ये वारला तो इथेच. थिबा पॅलेसवर सेल्फी काढताना हे कुणाला आठवतं?

राजा गेल्यावर गोरे लोक बूट घालून पॅगोडांत फिरू लागले. तिथल्या तरुण बौद्धांच्या संघटनेने 1916 पासून हा प्रश्न लावून धरला. ऑक्टोबर 1919 मध्ये मंडालेच्या एंदाव्या पॅगोडात बूट घालून आलेल्या युरोपियनांवर भिक्खू धावून गेले. उ केत्तया या भिक्खूला जन्मठेप झाली. शेवटी सरकारला नमावं लागलं, पादत्राणांचा निर्णय पॅगोडांच्या प्रमुखांकडे गेला.

आणि आपल्याकडे? वरच्या आळीतून जाताना दलितांनी चपला हातात घ्यायच्या, ही रीत साहेबाने आणलेली नव्हती. ती आपलीच.

आजोबा बाहेर आले, पायाने चपला चाचपत म्हणाले, "सोमवारी या म्हणालेत."