हसवण्याची मजुरी

हसायला पैसे पडत नाहीत असे आपण म्हणतो. हसणाऱ्यापुरते ते खरेही असेल. पण दुसऱ्याला हसवायला जो उभा राहतो, त्याच्या पोटाचे काय? हा प्रश्न १९७९ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात चक्क रस्त्यावर आला. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

तिकडे 'स्टँड-अप कॉमेडी' म्हणून एक प्रकार आहे. नेपथ्य नाही की सोंग नाही. एक माणूस, एक मायक्रोफोन, आणि समोर पेले घेऊन बसलेली मंडळी. या प्रकाराचे क्लब आधी न्यूयॉर्कला गाजले. बड फ्रीडमन याने १९६३ साली तेथे 'इम्प्रूव्ह' उघडला, तो खरे तर नाटकमंडळींसाठी. पण हळूहळू विनोदवाल्यांनीच तो काबीज केला.

मग ही मंडळी पश्चिमेला का गेली? कारण सरळ आहे. जॉनी कार्सनचा 'टुनाइट शो' हा टेलिव्हिजनवरचा कार्यक्रम मे १९७२ मध्ये न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला लागून असलेल्या बरबँकला हलला. कार्सनसमोर पाच-सहा मिनिटे रंगली की नशीब उघडे! फ्रेडी प्रिन्झ हा एकोणीस वर्षांचा पोरगा डिसेंबर १९७३ मध्ये तेथे झळकला आणि पुढच्याच वर्षी एका मालिकेचा नायक झाला. अशा बातम्या कानी आल्यावर कोण घरी बसेल?

त्याच १९७२ साली सॅमी शोअर आणि रूडी डीलुका यांनी सनसेट बुलेव्हार्डवर 'कॉमेडी स्टोअर' काढले. जागा होती 'सीरोज' या एके काळच्या नामांकित नाइटक्लबची. पुढे घटस्फोटानंतर क्लब सॅमीची पत्नी मिट्झी हिच्याकडे आला. बाई मोठ्या पारखी. कोणी, केव्हा, किती वेळ उभे राहायचे, हे त्याच ठरवीत. रॉबिन विल्यम्स, डेव्हिड लेटरमन, जे लेनो ही पुढे जगभर गाजलेली माणसे तेथेच घडली. १९७५ साली फ्रीडमननेही मेलरोज अव्हेन्यूवर 'इम्प्रूव्ह'ची शाखा काढली, आणि चढाओढ सुरू झाली.

पण एक गोम होती. प्रेक्षक पैसे मोजून आत येत, पेले भरणाऱ्याला पगार मिळे, झाडणाऱ्यालाही मिळे. फक्त हसवणाऱ्या नेहमीच्या मंडळींना काही नाही! मिट्झीबाईंचे म्हणणे असे की, ही शाळा आहे. येथे शिकायला मिळते, मोठ्यांच्या नजरेत भरता येते, हाच मोबदला. विनोदवाले म्हणत, शाळा खरी, पण गल्ला आमच्या जिवावर भरतो, त्याचे काय?

मार्च १९७९ मध्ये संप झाला. टॉम ड्रीसन हा संपवाल्यांचा प्रवक्ता. रोज लोकांना हसवणारी माणसे फलक घेऊन दारासमोर उभी राहिली. लेनो आणि लेटरमनही त्यांच्या बाजूने होते. काही जण संप मोडून आत गेलेही. सुमारे सहा आठवड्यांनी, मे महिन्यात तडजोड झाली आणि एका खेपेला पंचवीस डॉलर ठरले. रक्कम मोठी नव्हे. पण हे काम आहे आणि कामाला दाम आहे, एवढे मान्य झाले.

या जयाला दुःखाची किनारही आहे. स्टीव्ह ल्युबेटकिन हा संपातला एक तरुण. संपानंतर आपल्याला क्लबात पूर्वीसारखी संधी मिळत नाही, ही त्याची व्यथा होती. १ जून १९७९ रोजी त्याने आत्महत्या केली.

मिट्झी शोअर २०१८ साली वारल्या. त्यांच्या तालमीत वाढलेल्या कित्येकांनी त्यांना गुरू मानले, आणि त्यात खोटे काही नव्हते. ती शाळा होतीच. पण शिकणाऱ्याचे शिक्षण तिकीट लावून विकले जाऊ लागले, की शाळेचे दुकान होते. आणि दुकानात काम करणाराने मजुरी मागितली, तर त्याला कृतघ्न म्हणता येत नाही. कलावंताला 'नाव होईल' म्हणून फुकट बोलावताना आपणही हे ध्यानात ठेवलेले बरे.