गेलेली टीम आणि उरलेला राग

मंडळी, अचलपूरच्या माणसाला ‘नेलं’ या क्रियापदाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इमादशाहीत हे वऱ्हाडच्या राजधानीचं गाव. इंग्रजी अमलात एलिचपूर नावाचा स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ मध्ये अमरावतीत विलीन झाला. तेव्हाचा एकही माणूस आज हयात नाही, आणि तरी जिल्ह्याची मागणी हयात आहे. ज्यांनी गमावलं ते गेले, पण राग मात्र वारसाहक्कानं उतरला. हे कसं होतं, ते मला आज फुटबॉलच्या निमित्तानं पाहायचं आहे. हसू नका, तत्त्वज्ञानाच्या माणसाला फुटबॉलमध्येही काम सापडतं.

सुरुवात व्याकरणापासून करू. आपली षष्ठी विभक्ती मोठी लबाड आहे. ‘माझी गाय’ म्हणतो आणि ‘माझं गाव’ही म्हणतो. प्रत्यय तोच, पण गाय मी बाजारात विकू शकतो, गाव विकू शकत नाही. पहिल्या ठिकाणी वस्तू माझी आहे, दुसऱ्या ठिकाणी खरं तर मीच त्या गावाचा आहे. संघाचा मालक ‘माझी टीम’ म्हणतो ते गायीच्या अर्थानं. प्रेक्षक ‘माझी टीम’ म्हणतो ते गावाच्या अर्थानं. सगळं सुरळीत असतं तोवर हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. मालक टीम हलवतो त्या दिवशी येतो.

आता अमेरिकेतलं क्लीव्हलँड घ्या. तिथला फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा, तो वेगळा खेळ. पण आपला मुद्दा तोच. ब्राऊन्स संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी ६ नोव्हेंबर १९९५ रोजी जाहीर केलं की संघ बाल्टिमोरला जाणार. दुसऱ्याच दिवशी शहरात मतदान होतं, जुन्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी कर चालू ठेवायचा की नाही यावर. लोकांनी ‘ठेवा’ म्हणून कौल दिला. म्हणजे खिशात हात घालायला लोक तयार होते आणि मालक आदल्याच दिवशी निघाला होता! मॉडेल यांचीही बाजू होती. बेसबॉलचा संघ नव्या मैदानात गेल्यानं त्यांचं भाड्याचं उत्पन्न बुडालं होतं, तोटा वाढत होता. पण हिशेब बरोबर असला म्हणून राग शमत नाही, कारण राग हिशेबाच्या वहीतला नव्हताच.

शहर कोर्टात गेलं आणि तडजोडीत एक विलक्षण गोष्ट मिळवली. खेळाडू आणि करार मॉडेल यांचे. नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडचा. १९९९ मध्ये त्याच नावाचा नवा संघ उभा राहिला. कायद्यानंच मान्य केलं, की इतिहास ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. तरीही राग गेला नाही. २०१२ मध्ये मॉडेल वारले, तेव्हा इतर मैदानांवर त्यांना आदरांजली वाहिली गेली. क्लीव्हलँडमध्ये नाही, आणि तीही त्यांच्या कुटुंबाच्याच इच्छेनं. मेलेल्या माणसामागे आपण वाईट बोलत नाही. पण हजारोंच्या तोंडावर हात कोण ठेवणार?

इंग्लंडात गोष्ट वेगळी झाली. लंडनचा विम्बल्डन संघ मिल्टन कीन्सला न्यायला २००२ मध्ये परवानगी मिळाली. अंतर फार नाही, शंभर किलोमीटरच्या आतलं. चाहत्यांनी काय केलं? त्याच उन्हाळ्यात विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या आणि स्वतःचा क्लब काढला. सुरुवात नवव्या पायरीवरून. २०११ पर्यंत तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला, २०२० मध्ये प्लाउ लेन या आपल्या जुन्या ठिकाणी परतला. तिकडे मिल्टन कीन्सवाल्यांनी २००७ मध्ये जुने चषक विम्बल्डनच्या नगरपरिषदेकडे सोपवले. मला वाटतं, राग इतका कामाला लागलेला क्वचितच दिसतो.

मग आपल्याकडे का नाही झालं? पुण्याची एफसी पुणे सिटी २०१४ पासून बालेवाडीत खेळायची. २०१९ मध्ये कर्जापायी संघ बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. त्याच हैदराबादनं मार्च २०२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकली. पुण्याच्या चाहत्यानं टाळ्या वाजवायच्या की कपाळाला हात लावायचा? पुढे २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली. आणि दिल्लीचा स्वतःचा संघ २०१९ मध्येच भुवनेश्वरला गेलेला! अहो, याला संघ म्हणायचं की बदलीची नोकरी? पुणेकरांना विम्बल्डनसारखी शिडी नव्हती. त्या वेळी खालून चढून वरच्या लीगमध्ये जायची सोयच नव्हती, जागा पैसे भरून मिळायची. शिवाय पाच वर्षांत आजोबा-नातवाची जोडी तयार होत नाही. राग रुजायलाही माती लागते.

स्थलांतराचा सर्वांत जुना राग मात्र आपल्या भाषेतच बसलेला आहे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, आणि आपण आजही ‘तुघलकी कारभार’ म्हणतो. इब्न बतूता सांगतो, एका आंधळ्याला ओढत नेलं, दौलताबादला त्याचा फक्त पाय पोचला. पण बतूता दिल्लीत आला तो त्यानंतर काही वर्षांनी. त्यानं ऐकलेली ती गोष्ट आहे. दिल्ली पूर्ण ओसही पडली नव्हती; नाणी तिथे पडतच होती. म्हणजे तो पाय इतिहासातला कमी आणि रागातला जास्त. गंमत अशी, की राजधानी आपल्याकडे आली होती. फायदा झाला तो आपला, पण शब्द आपण उचलला तो दिल्लीवाल्यांच्या तक्रारीचा.

बाल्टिमोरचं सांगायचं राहिलं. ज्यांनी क्लीव्हलँडचा संघ घेतला, त्यांचाच कोल्ट्स संघ मार्च १९८४ मध्ये एका रात्रीत ट्रकांत भरून इंडियानापोलिसला नेला गेला होता. मागे उरला तो संघाचा बँड. वादकांचे गणवेश त्या वेळी धुलाईला गेले होते म्हणून वाचले. बारा वर्षं शहराला टीम नव्हती, आणि तो बँड त्याच नावानं वाजवत राहिला.