नेढे टोकाला गेले तेव्हा

वर्गात एक छोटा प्रयोग करून पाहा. मुलांना फळ्यावर सुई काढायला सांगा आणि तिचे नेढे कुठे असते ते दाखवायला सांगा. बहुतेक सर्व मुले टोकाच्या विरुद्ध बाजूला भोक काढतील. मग शिवणयंत्राची सुई त्यांच्या हातात द्या. हिचे नेढे मात्र टोकाजवळच असते! हा फरक दिसायला अगदी किरकोळ आहे. पण तो सुचायला, पटायला आणि यंत्रात उतरायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. असे का झाले? या लेखात आपण त्याचाच मागोवा घेणार आहोत.

हाताची नक्कल

हाताने शिवताना आपण काय करतो? सुई कापडातून आरपार जाते. दुसऱ्या बाजूने तिला बोटांनी पकडतो, दोरा पूर्ण ओढून घेतो आणि सुई पुन्हा उलट बाजूने घालतो. म्हणजे प्रत्येक टाक्याला सुई हातातून सुटते व पुन्हा धरली जाते. बोटांना हे सहज जमते, पण यंत्राला ते फार अवघड आहे. शिवाय दोरा संपेपर्यंत प्रत्येक टाक्याला उरलेला सगळा दोरा कापडातून ओढावा लागतो.

इंग्लंडमध्ये १७५५ साली चार्ल्स वाइझेंथाल या जर्मन वंशाच्या गृहस्थाने दोन्ही बाजूंना टोक असलेल्या सुईचे पेटंट घेतले. सुई उलटी फिरवण्याची गरज नाही, एवढाच त्यातला फायदा. १७९० मध्ये थॉमस सेंट याने चामडे शिवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. ते कागदपत्रांच्या ढिगात पडून राहिले आणि १८७४ मध्ये कोणाच्या तरी नजरेस पडले. तोवर जगात शिवणयंत्रे धडधडू लागली होती. व्हिएन्नाचा शिंपी योझेफ माडेर्स्पेर्गर आयुष्यभर यंत्रामागे खपला आणि १८५० मध्ये गरिबीतच वारला.

शिंप्यांनी फोडलेली यंत्रे

प्रत्यक्ष कारखान्यात वापरले गेलेले पहिले यंत्र फ्रान्समधील बार्तेलेमी तिमोनिये या शिंप्याचे. १८३० मध्ये त्याला पेटंट मिळाले. त्याच्या यंत्रात आकडीसारखी सुई होती आणि एकाच दोऱ्याने साखळी टाका पडे. आपल्याकडे धान्याच्या पोत्याचे तोंड अनेकदा याच टाक्याने शिवलेले असते. योग्य टोक धरून ओढले की सर्रकन सगळी शिवण उसवते. पोत्यासाठी हा गुण आहे, सदऱ्यासाठी दोष!

पॅरिसमध्ये तिमोनियेची सुमारे ८० यंत्रे सैनिकांचे गणवेश शिवू लागली. १८३१ मध्ये शिंप्यांच्या जमावाने कारखान्यात घुसून ती मोडून टाकली. तिमोनिये १८५७ मध्ये निर्धन अवस्थेत वारला.

या शिंप्यांना आपण अडाणी म्हणून मोकळे होतो. पण जरा थांबू या. त्यांची रोजची भाकर सुईच्या टोकावर होती. यंत्र आल्यावर त्या भाकरीचे काय होणार, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८३२ ते १८३४ च्या सुमारास टोकाला नेढे असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा नेणारा धोटा, अशी जोडी जमवली. पण पेटंट घेतले नाही. शिवणकाम करणाऱ्या बायका उघड्यावर पडतील, असे त्याच्या मुलीने त्याला बजावले, अशी हकीकत सांगितली जाते. याच हंटने पुढे १८४९ मध्ये सेफ्टी पिनचे पेटंट घेतले.

धोट्याने सोडवलेले कोडे

आता नेढ्याकडे परत येऊ. सुईने कापडातून आरपार जाण्याची गरजच नाही, हे एकदा मान्य केले की कोडे सुटू लागते. दोरा ओवलेले टोक फक्त कापडाखाली डोकावते आणि वर परतू लागते. परतताना दोरा कापडाशी घासून किंचित अडतो आणि सुईच्या एका अंगाला त्याचा छोटा फुगवटा, म्हणजे फासा तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी खालचा दोरा त्या फाशातून गेला पाहिजे. मग वरचा दोरा ताणला की दोन्ही दोरे कापडाच्या जाडीतच एकमेकांत अडकतात. हाच दुहेरी दोऱ्याचा टाका. त्याचा एक दोरा तुटला तरी शिवण साखळी टाक्यासारखी सर्रकन उसवत नाही.

फाशातून दोरा नेण्याची कल्पना नवी नव्हती. हातमागावर ताण्याच्या दोऱ्यांमधून धोटा हेच काम करत आला आहे. ज्याच्या नावावर हा शोध नोंदला गेला तो इलायस हौ तरुणपणी लॉवेल या कापडगिरण्यांच्या गावी यंत्रकाम शिकला होता, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे. १० सप्टेंबर १८४६ रोजी त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले. भाल्यांच्या टोकांना भोके असल्याचे स्वप्न त्याला पडले आणि कोडे सुटले, ही गोष्ट बऱ्याच पुस्तकांत आढळते. मुलांना ती जरूर सांगावी. पण हंटची सुई त्याच्या दहा वर्षे आधीची होती, हेही सांगावे.

हौला गिऱ्हाईक मिळेना. इंग्लंडमधले हक्क त्याने २५० पौंडांना विकले, तिथे जाऊन नशीब काढायचा प्रयत्न केला आणि रिकाम्या हाताने परतला. परतल्यावर थोड्याच काळात क्षयाने त्याची पत्नी गेली. इकडे अमेरिकेत इतरांची यंत्रे बाजारात आली होती.

एक यंत्र, अनेक हात

त्यांतला सर्वांत यशस्वी आयझॅक सिंगर. हा मूळचा नट, गावोगाव फिरणारा. बॉस्टनच्या एका कारखान्यात दुरुस्तीला आलेले शिवणयंत्र पाहून त्याने त्यात सुधारणा केल्या. सुई सरळ उभी केली, कापड आडव्या पाटावर ठेवले, वरून दाब दिला. १२ ऑगस्ट १८५१ रोजी त्याला पेटंट मिळाले. कापड आपोआप पुढे सरकवणारे दात मात्र ॲलन विल्सन याच्या कल्पनेतून आले. वर येणे, पुढे सरकणे, खाली जाणे, मागे येणे, या त्यांच्या चार हालचाली आजही प्रत्येक घरगुती यंत्रात दिसतात.

हौने दावे लावले आणि १८५४ मध्ये जिंकले. पण एकाच्या पेटंटवाचून दुसऱ्याचे यंत्र पुरे होत नव्हते. शेवटी १८५६ मध्ये हौ आणि तीन मोठ्या कंपन्यांनी पेटंटे एकत्र करून परवाना-शुल्क वाटून घेण्याचा करार केला. तो १८७७ पर्यंत चालला. म्हणजे 'शिवणयंत्र कोणी शोधले?' या परीक्षेतल्या प्रश्नाचे एका नावाचे उत्तर पूर्ण नाही.

सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ मध्ये हप्त्याने यंत्र विकण्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे मध्यमवर्गीय घरात यंत्र शिरले. एका अमेरिकन कंपनीने तेव्हा दिलेल्या आकड्यांनुसार पुरुषाचा चांगला शर्ट हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे, तर यंत्राने १ तास १६ मिनिटे लागत. आकडे विकणाऱ्याचे आहेत, तरी फरक मोठा होता यात शंका नाही. मग वाचलेले तेरा तास कुठे गेले? घरी शिवणाऱ्या बाईला काही उसंत मिळाली. पण कपड्यांवरच्या झालरी आणि चुण्याही वाढल्या. मजुरीवर शिवणाऱ्या बाईची नगामागची मजुरी उतरली आणि तिचा दिवस तेवढाच लांब राहिला.

आपल्याकडे

यंत्रांच्या अतिरेकाला विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद केले. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते बनवले, असे त्यांनी म्हटले होते. सिंगरचे चरित्र पाहता ही हकीकत टिकत नाही. पत्नी शिवणकाम करून घर चालवी आणि ते पाहून नवरा यंत्राकडे वळला, ही गोष्ट हौबद्दल सांगितली जाते. पण गांधीजींची कसोटी मात्र मोलाची आहे : यंत्र माणसासाठी आहे, की माणूस यंत्रासाठी?

भारतात शिंप्यांनी यंत्रे फोडली नाहीत, ओसरीवर मांडली. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांतून स्त्रिया शिवण शिकल्या. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' यंत्रे बनवायला सुरुवात केली. पुढे लुधियाना हे या धंद्याचे मोठे केंद्र झाले. किती घरांत कर्ता माणूस गेल्यावर याच यंत्राने मुलांची फी भरली, याचा हिशेब कोणत्याही पेटंट कचेरीत नाही.

नवशिक्याने कोणते यंत्र घ्यावे?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. वरच्या इतिहासातच त्याचे उत्तर आहे. शिकायला सरळ टाक्याचे, लोखंडी बांध्याचे साधे यंत्र पुरते. हातमशीनमध्ये एक हात चाक फिरवण्यात गुंततो. पायमशीनमध्ये दोन्ही हात मोकळे राहतात, वेग पायाच्या ताब्यात असतो आणि वीज लागत नाही. मोटर नंतरही बसवता येते. काज करणे, ताणले जाणारे कापड शिवणे, यासाठी नागमोडी टाक्याचे विजेचे यंत्र सोयीचे; पण ते हात बसल्यावर घ्यावे.

जुने असो वा नवे, घेण्यापूर्वी एक चाचणी करा. वर लाल आणि खाली बॉबीनमध्ये पांढरा दोरा घालून सुती कापडाच्या दुहेरी तुकड्यावर टीप मारा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त आहे. खालच्या बाजूला लाल दिसले तर तो कमी आहे. ताणाचा स्क्रू फिरवून दोन्ही नाहीसे झाले, तर यंत्राचा जीव शाबूत आहे असे समजा. सुरुवात रुमालाची कड, पिशवी आणि उशीचा अभ्रा या क्रमाने करावी.

शाळेत पायमशीन असेल तर विज्ञानाच्या तासाला ते उघडून दाखवा. खालच्या मोठ्या चाकाचा आणि वरच्या लहान चाकाचा, पट्टा बसतो त्या खाचेपाशी व्यास मोजून गुणोत्तर काढा. पायपट्टीच्या एका वरखाली होण्यात किती टाके पडतील याचा अंदाज करा आणि मग मोजून पाहा. शेवटी मुलांना एक प्रश्न द्या : वरच्या दोऱ्याचा फासा संपूर्ण बॉबीनभोवती फिरून येतो, तर मग बॉबीनची डबी यंत्राला घट्ट जोडलेली कशी असेल? उत्तर सांगू नका. झाकण सरकवून, चाक हाताने सावकाश फिरवून त्यांना स्वतः शोधू द्या.