दिवाळीचा फॉरवर्ड आणि छातीतली धडधड

दसरा झाला की तो फॉरवर्ड येतोच. इंग्रजांनी आठवड्याचा पगार बंद करून महिन्याचा सुरू केला, बावन्न आठवड्यांचे तेरा पगार व्हायला हवेत, मिळतात बारा, तो खाल्लेला तेरावा पगार परत मिळावा म्हणून १९४० साली बोनस सुरू झाला, अशी ती गोष्ट. हिशेब झकास आहे. पण मुंबईच्या गिरण्यांना तो लागू पडत नाही. इथे पगार आधीपासूनच महिन्याचा होता, आणि बोनसवरून पहिली मोठी मारामारी १९४० च्या सोळा वर्षं आधीच होऊन गेली होती.

नुसता फॉरवर्ड खोडायला लिहीत नाहीये. यंदा तो मला भाच्याने पाठवला. रात्री पावणेदोनला. खाली एकच ओळ: "मामा, मग आम्हाला का नाही?"

भाचा बाईकवरून पार्सल पोचवतो. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस त्याला झोप लागत नाही, छातीत धडधडतं. गेल्या वर्षी घाबरून डॉक्टरकडे गेला. कार्डिओग्राम काढला, काही निघालं नाही. "टेन्शन घेऊ नका, सण एन्जॉय करा," असं सांगून पाठवला.

ती धडधड मी लहानपणापासून ओळखतो. आम्ही लालबागच्या चाळीतले, बाबा गिरणीत विणाई खात्यात. गणपतीत खूश असलेला माणूस नवरात्र उठलं की गप्प व्हायचा. रात्री गॅलरीत बसून बोटांवर काहीतरी मोजायचा. आम्हा पोरांना वाटायचं, बाबा जप करतात. ते वाण्याची उधारी, शिंप्याची उधारी आणि गावी पाठवायची मनीऑर्डर मोजत असायचे.

याची मुळं पगाराच्या पद्धतीतच होती. मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला व्हायचा. म्हणजे नवा कामगार नोकरीला लागायचा तोच दीड महिन्याच्या उधारीवर. १९३१ साली रॉयल कमिशन ऑन लेबरचा अहवाल आला. बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत, असा त्यांचा अंदाज होता. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा दर सर्रास होता. म्हणजे वर्षाला ७५ टक्के! रोजच्या भाकरीचं कसंतरी निभायचं, पण सण एकगठ्ठा पैसा मागतो. तो पगारात नसतो, म्हणून सावकाराकडे जायचं. सावकार पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभा.

पहिल्या महायुद्धात कापडाला सोन्याचा भाव आला, गिरण्यांनी अफाट नफा कमावला. महागाईही भडकली. तेव्हा मालकांनी आधी युद्धभत्ता दिला आणि मग काही वर्षं, वर्षाकाठी साधारण एका पगाराएवढी रक्कम दिली. ती एकदा हातात पडल्यावर माणसाने तिच्याभोवती आयुष्य बांधलं. तिच्या भरवशावर कर्ज फेडलं, कर्ज काढलं, लग्नं ठरवली. १९२३ साली मालकांनी जाहीर केलं की यंदा बोनस नाही. धंदा मंद आहे.

जानेवारी १९२४ मध्ये संप झाला. दीड लाखाच्या आसपास माणूस बाहेर पडला. मागे धड संघटना नाही, फंड नाही, तरी मार्चपर्यंत टिकला. गोळीबारही झाला. सरकारने हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांची समिती नेमली. तिचा निष्कर्ष असा की बोनसवर कामगारांचा हक्क सिद्ध होत नाही. कायद्याने नाही, रूढीने नाही, न्यायबुद्धीनेही नाही. मालकाने खुशीने दिलं तर घ्यायचं. संप मोडला.

"खुशीने" हा शब्द मला फार लागतो. आपल्या घरचा सण दुसऱ्याच्या खुशीवर टांगलेला असेल तर माणसाला झोप कशी लागणार?

तो शब्द पुसायला पुढे चाळीस वर्षं लागली. १९५० साली मुंबईच्याच गिरण्यांच्या खटल्यात नफ्यातून काय-काय वजा करून उरलेल्यात कामगाराचा वाटा कसा काढायचा, याचं सूत्र ठरलं. १९६१ ला बोनस आयोग नेमला गेला, १९६५ ला कायदा आला. आधी किमान ४ टक्के, मग सत्तरीच्या सुरुवातीला ८.३३. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक पगार. फॉरवर्डमधला तेरावा पगार तो हा. तो कुणी खाल्लेला नव्हता, भांडून मिळवलेला होता.

तरी धडधड थांबली नाही. ऑक्टोबर १९८१ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मान्यताप्राप्त युनियनने केलेला बोनसचा करार लोकांना पटला नाही. २० टक्क्यांची आशा होती, हातात कुणाला ८.३३, कुणाला सतराच्या आसपास. काही गिरण्या बंद पडल्या, स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या घरी गेले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाचं बोट इथे धरता येतं. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं या मागण्या मोठ्या होत्याच, पण ठिणगी दिवाळीची.

१९८२ ची दिवाळी आमच्या चाळीत कशी होती सांगतो. निम्म्या खोल्यांना कुलुपं, माणसं गावाला. आमच्या मजल्यावर उरलेल्या सहा घरांनी एकाच चुलीवर चकल्या तळल्या. कुणाच्याच अंगावर नवे कपडे नव्हते. आई अजून सांगते, त्या दिवाळीत तुझे बाबा रात्री शांत झोपले. मला हे कितीतरी वर्षं कळत नव्हतं. पैसा तर तेव्हा सगळ्यात कमी होता. पण लपवायचं काही नव्हतं ना! सगळ्या मजल्याला सगळ्यांचे खिसे माहीत होते.

याचं मी कौतुक करत नाहीये. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही आणि त्यात लाखो घरं धुतली गेली, आमचंही गेलं. पुढच्या दिवाळीला बाबा वॉचमनच्या नोकरीवर होते आणि पुन्हा बोटं मोजत होते, एकटेच.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याला कायद्याने बोनस का नाही, तेही सांगितलं. कागदावर तो कामगार नाहीच, "पार्टनर" आहे. तो हसला. म्हणाला, "पार्टनरला नफ्यात वाटा नको?" मॅक्लिऑड साहेबांसमोर हा प्रश्न १९२४ मध्ये मांडायला हवा होता.

मग त्याला विचारलं, नक्की किती कमी पडतात? आधी काही नाही, काही नाही. मग सांगितलं. एकोणीस हजार. त्यातले अकरा फक्त कपड्यांचे आणि सासरच्या गिफ्टचे. बायकोला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, याचं बाहेर काहीतरी चालू आहे.

रविवारी दोघं घरी आले. आईने बाबांची जुनी भिशीची वही काढली. गिरणीतले वीस जण, महिन्याला दहा रुपये, दिवाळीच्या आठ दिवस आधी फोडायची. भाच्याच्या स्टॉपवर रोज अकरा पोरं ऑर्डरची वाट बघत उभी असतात. वही तो घेऊन गेलाय. महिना पाचशे म्हणतोय. यंदाच्या दिवाळीला उपयोग नाही, ती कपडे न घेताच होणार आहे. सासऱ्यांना तसं मीच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं बोललात, आमचंही यंदा जरा कठीणच आहे."