शिवेवरचं गाव

मराठी घरात ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द येतो तो बहुधा लॅबच्या रिपोर्टमधून. साखर बॉर्डरलाइनवर आहे, म्हणजे भात जरा कमी करा, संध्याकाळी चालायला जा, घाबरण्यासारखं काही नाही. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी’ असं कानावर पडलं की घरच्यांचा जीव आधी भांड्यात पडतो. पुरता आजार नाही, नुसता काठ दिसतोय, थोडक्यात निभावलं! समजूत चुकीची आहे. पण दोष त्यांचा नाही, शब्दाचा आहे. सीमा म्हटलं की कोणीही विचारणार, कुठल्या दोन गावांमधली?

गावं होती. आज त्यांतल्या एकाचं नावही दप्तरातून पुसलं गेलं आहे.

आपल्याकडे शीव ही रेघ असते, वस्ती नव्हे. रोगराई आली की मरीआईचा गाडा गावाबाहेर शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. पलीकडच्या गावाचं काय, हा प्रश्न त्या गावाने सोडवायचा. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी वेड्यांच्या डॉक्टरांचंही साधारण असंच चाललं होतं. शहाणपण आणि वेड यांच्या मधल्या पट्ट्यात कितीतरी माणसं आयुष्यभर वावरतात, असं सेंट लुईसच्या सी. एच. ह्यूज यांनी 1884मध्ये लिहिलं. पट्टा दिसला होता, पण त्यात उतरून पाहायला कोणी तयार नव्हतं.

मग मनोविश्लेषण आलं आणि त्याने आपली दोन गावं वसवली. एक न्यूरोसिसचं. इथला माणूस दहा वेळा कुलूप ओढून बघतो, पण हा वेडेपणा आहे हे त्याला स्वतःलाच कळतं. दुसरं सायकोसिसचं. तिथे शेजारी आपल्या डोक्यात विचार सोडतोय याबद्दल माणसाला तिळमात्र शंका नसते. आपली पद्धत पहिल्या गावापुरती आहे, असं फ्रॉइडचं मत होतं. रुग्णाने कोचावर आडवं व्हायचं, मनात येईल ते बोलायचं, विश्लेषक मागे बसून ऐकणार. आधाराला भिंत नाही, समोर चेहरा नाही. ज्याच्या मनाचे खांब मुळात पक्के आहेत, त्यालाच हे मोकळं मैदान झेपतं.

पंचाईत झाली ती पहिल्या गावाचे म्हणून आत घेतलेल्या काही रुग्णांनी. बाहेर नोकरी करणारी, नीटनेटकं बोलणारी ही माणसं कोचावर सैरभैर व्हायची, विश्लेषकावर जीव टाकायची, त्याने एक तास रद्द केला तर कोसळायची. न्यूयॉर्कचे विश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी 1938मध्ये यांच्यावर निबंध लिहिला आणि त्यांना ‘बॉर्डर लाइन’ गट म्हटलं. दहा लक्षणं त्यांनी टिपली. त्यातलं एक मला फार नेमकं वाटतं: मनाचा रक्तस्राव. धक्का बसला की उसळून उठणं नाही, प्रतिकार नाही. जखम वाहत राहते आणि माणूस गळून पडतो. वैद्यकाच्या कोरड्या यादीत असा शब्द क्वचित सापडतो.

शब्द रुळला, आणि जे व्हायचं तेच झालं. ज्याचं निदान जमत नाही तो बॉर्डरलाइन. रॉबर्ट नाइट यांनी 1953मध्ये हे स्पष्टच सांगितलं: या लेबलातून रुग्णाच्या अवस्थेपेक्षा डॉक्टरच्याच गोंधळाची माहिती जास्त मिळते. इतका प्रामाणिक कबुलीजबाब देऊनही निबंधाचं नाव मात्र त्यांनी ‘बॉर्डरलाइन अवस्था’ असंच ठेवलं. नाव एकदा चिकटलं की ते देणाऱ्याच्याही हाती राहत नाही.

या रेघेची जमीन केली ती ऑटो केर्नबर्ग यांनी. स्वतः सीमा ओलांडून आलेला माणूस: जन्म व्हिएन्नाचा, 1928चा, नाझींमुळे कुटुंब 1939मध्ये चिलीला गेलं, पुढे ते अमेरिकेत, कॅन्ससमधल्या मेनिंगर क्लिनिकमध्ये आले. 1967मध्ये त्यांनी मांडलं की हा मधला पट्टा म्हणजे धड हे नाही, धड ते नाही असा प्रकार नव्हे. मनाची ती एक स्वतंत्र, टिकाऊ बांधणी आहे.

ओळखायची कशी? त्यांची मुलाखतीची रीत साधी वाटते. तुमचं स्वतःचं वर्णन करा. आता तुमच्या आईचं करा, नवऱ्याचं करा. घट्ट बांधणीचा माणूस सांगेल, “आई तापट होती, पण मी आजारी पडलो की रात्रभर उशाशी बसायची.” दोन्ही आई एकाच वाक्यात मावतात. मधल्या पट्ट्यात त्या मावत नाहीत. सोमवारी आई देवी असते, गुरुवारी वैरीण. आणि गुरुवारी सोमवारची आठवण करून दिली तर ती आठवते, पण लागत नाही. उपचार करणाऱ्याचीही यातून सुटका नसते: आज डोक्यावर घेतील, उद्या पायदळी तुडवतील. मग मुलाखत घेणारा ही विसंगती हलकेच पुढे ठेवतो. सायकोसिसचा रुग्ण त्याने अधिक विस्कटतो. हा मात्र चपापतो, विचारात पडतो, कधी सावरतोही. वास्तवावरची पकड ढिली असली तरी सुटलेली नसते.

इथपर्यंत कथा सरळ होती. 1980मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानाच्या पुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली आणि शब्दाला दोन घरं झाली. रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली आधी जमिनीची वाटणी झाली: विचित्र, एकलकोंड्या, स्किझोफ्रेनियाच्या वळणाच्या माणसांना ‘स्किझोटायपल’ असं वेगळं नाव मिळालं, आणि भावनांच्या वादळात सापडलेल्यांकडे जुनं नाव राहिलं. त्याच आवृत्तीने न्यूरोसिस हा वर्गच मोडीत काढला. म्हणजे ज्या गावाच्या शिवेवरून नाव पडलं ते गावच उठलं. चौथ्या आवृत्तीपासून नऊ निकष आहेत, पाच जुळले की निदान. गणित केलं तर हे 256 प्रकारांनी जुळू शकतं. दोन रुग्णांमध्ये एकच निकष सामाईक असला तरी दोघांचं नाव तेच.

विश्लेषकांच्या घरात मात्र ‘बॉर्डरलाइन’ हा माणसाचा प्रकार नव्हताच, ती पातळी होती. रटगर्स विद्यापीठात शिकवणाऱ्या नॅन्सी मॅकविल्यम्स यांनी 1994च्या ‘सायकोअ‍ॅनॅलिटिक डायग्नोसिस’मध्ये हे इतकं स्वच्छ मांडलं की ते पुस्तक पाठ्यपुस्तकासारखं वापरलं जाऊ लागलं. त्यांच्याकडे दोन मोजपट्ट्या आहेत. आडवी स्वभावाच्या घडणीची: आत्मप्रेमी, संशयी, खिन्न, काटेकोर वगैरे. उभी पट्टी बांधणी किती भक्कम याची. फ्रॉइडने 1908मध्ये टापटीप, चिक्कूपणा आणि हट्ट यांचं त्रिकूट एकत्र बांधलं होतं. काटेकोर स्वभावाच्या घराण्याचा तो मूळपुरुष म्हणावा. समजा असे दोन हिशेबनीस आहेत. दोघंही पैशापैशाचा मेळ लावणारे. एकाला वही जुळली नाही की झोप येत नाही, पण सकाळी तो बायकोपाशी स्वतःवरच हसतो. दुसऱ्याला वही जुळली नाही की ती कोणीतरी मुद्दाम बिघडवली असं वाटतं, तो साहेबाच्या अंगावर जातो आणि रात्री स्वतःचा हात कापून घेतो. स्वभाव एकच, मजला वेगळा. पहिल्याला मोकळं बोलू द्यावं, ठिगळं आपोआप दिसतील. दुसऱ्यासोबत समोरासमोर बसायचं, वेळ आणि नियम आधी ठरवायचे, आणि आत्ता या खोलीत काय घडतंय तेच धरून चालायचं. निदानाचा उपयोग असतो तो इथे. त्याने काही करणं बदलत नसेल तर ते नुसतं नाव ठेवणं, आणि नावं ठेवायला आपल्याला डॉक्टर लागत नाहीत.

नाव बदलण्याचे प्रयत्न झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या सूचीत ‘भावनिकदृष्ट्या अस्थिर’ असा वर्ग केला गेला, तरी त्याच्या पोटात ‘बॉर्डरलाइन’ हा उपप्रकार राहिलाच. 2022पासून लागू झालेल्या अकराव्या सूचीने तर व्यक्तिमत्त्व-विकारांचे प्रकारच रद्द केले: संशयी गेला, नाटकी गेला, काटेकोर गेला. आता पाहायची ती तीव्रता, सौम्य, मध्यम की तीव्र, आणि स्वभावाचे काही ठळक कल. तेवढं झाल्यावर डॉक्टरला हवी तर जोडता येईल अशी एकच जुनी खूण त्या सूचीत ठेवलेली आहे. बॉर्डरलाइन.