धावण्यासाठी बाबागाडी निवडताना

घरी तान्हे मूल आले, की आईवडिलांच्या पहाटेच्या धावण्यात बहुधा खंड पडतो. विभक्त कुटुंबात मुलाजवळ थांबायला तिसरे माणूस नसते. सोलापूर-पुणे महामार्गालगतच्या चिंचोळी एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांनी काम करणाऱ्या जोडप्यांची अडचण आणखी मोठी असते. एकजण कामावरून परततो, तोवर दुसऱ्याची निघायची वेळ झालेली असते. अशा वेळी मुलाला बाबागाडीत बसवून धावण्याचा पर्याय सोयीचा वाटतो. मात्र त्यासाठी घरातली नेहमीची बाबागाडी चालत नाही. मुलाचे वय, धावण्याचा रस्ता आणि गाडीची बांधणी यांचा याच क्रमाने विचार करावा लागतो.

दोन गाड्यांतील फरक

आज सर्वत्र दिसणारी घडीची बाबागाडी ब्रिटिश विमान अभियंते ओवेन मॅक्लॅरेन यांच्या रचनेवरून आली. त्यांनी १९६५ च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी तयार केली. तिची लहान चाके चटकन वळतात, त्यामुळे दुकानात किंवा रेल्वे स्थानकावर ती सोयीची ठरते. धावताना मात्र हाच गुण घातक होतो. लहानसा खडा आडवा आला तरी चाक वळते, गाडी जागीच अडते आणि पुढे कलंडू शकते. युरोपीय सुरक्षा मानकानुसार नेहमीच्या बाबागाड्यांवर 'ही गाडी धावण्यासाठी योग्य नाही' अशा अर्थाची सूचना द्यावी लागते, ती यामुळेच.

धावण्याच्या बाबागाडीचा उगम अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा या गावी झाला. धावण्याची आवड असलेल्या फिल बेचलर यांनी १९८४ मध्ये मुलाला बरोबर नेता यावे म्हणून बाबागाडीला सायकलची चाके बसवली. तीन मोठी चाके, हवेचे टायर आणि लांबट सांगाडा ही तेव्हाची मांडणी आजही कायम आहे. तथापि, तीन चाके असलेली प्रत्येक गाडी धावण्यासाठी असतेच असे नाही. नावात 'जॉगर' हा शब्द असला तरी तेवढ्यावर विसंबू नये. धावण्यास परवानगी असल्याचे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असावे.

आधी वय

तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मानेचे स्नायू कोवळे असतात. धावताना बसणारे हादरे ती मान पेलू शकत नाही. म्हणून मूल किमान ६ महिन्यांचे होईपर्यंत त्याला घेऊन धावू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. काही उत्पादक ही मर्यादा ८ महिने ठेवतात. महिने मोजणे पुरेसे नाही. मूल आधाराशिवाय मान स्थिर धरते का आणि नीट बसते का, हेही पाहावे. अपुऱ्या दिवसांच्या मुलाबाबत बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. गाडीवर बसवता येणारे मोटारीतले आसन किंवा तान्ह्यांचा पाळणा चालण्यापुरता असतो. तो लावून धावू नये.

मग रस्ता

चिंचोळी वसाहतीत कॅमशाफ्ट बनवणाऱ्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा आणि अमाइन रसायने तयार करणाऱ्या बालाजी अमाइन्सचा कारखाना आहे. अशा वसाहतीतील रस्ते अवजड वाहनांसाठी आखलेले असतात. ते रुंद असले, तरी मालमोटारींची ये-जा, कडेची खडी आणि धूळ यांमुळे बाबागाडीसाठी अनुकूल ठरत नाहीत. मालमोटारीच्या उंच खोलीतून चालकाला गुडघाभर उंचीची गाडी सहज दिसत नाही. पाळी बदलण्याच्या वेळी वर्दळ वाढते. महामार्गाची कड तर पूर्णपणे टाळावी.

धुराचा प्रश्नही आहे. गाडीत बसलेल्या मुलाचे नाक वाहनांच्या धुराड्याच्या उंचीच्या जवळ असते. ब्रिटनमधील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की बाबागाडीतील मुलांना मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषण सहन करावे लागू शकते. म्हणून शाळेचे मोकळे मैदान, वाहनांना बंदी असलेली बाग किंवा निवासी सोसायटीतील आतला रस्ता निवडावा. असा रस्ता जवळ नसेल, तर गाडी घेण्यापूर्वीच फेरविचार करावा.

गाडी पारखताना

पुढचे चाक सरळ दिशेत पक्के राहणारे किंवा कळ दाबून पक्के करता येणारे असावे. धावताना ते पक्केच ठेवावे. कॅमशाफ्टच्या कारखान्यात आसातला बारीकसा बाक मोजणाऱ्यांना इथे काय तपासायचे ते वेगळे सांगायला नको. सपाट फरशीवर गाडी हलकेच ढकलून सोडावी. ५-६ मीटर अंतरात ती एका बाजूला ओढली जात असेल, तर चाकाची सरळ जुळणी करून घ्यावी. चाक काढता येत असल्यास त्याचा खटका प्रत्येक वेळी तपासावा. धावताना पुढचे चाक निसटून मुले व पालक जखमी झाल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१८ मध्ये एका उत्पादकाविरुद्ध कारवाई सुरू केली होती.

चाके साधारण १२ ते १६ इंचांची, हवेच्या टायरची असावीत. मागच्या चाकांना स्प्रिंग असल्यास हादरे कमी होतात. सोलापूर परिसरात वेड्या बाभळीचे काटे जागोजागी पडलेले असतात, तेव्हा पंक्चर गृहीत धरावे. १२ आणि १६ इंची ट्यूब लहान मुलांच्या सायकलींसाठीही येते. जवळच्या सायकल दुकानात नेमके माप मिळते का, हे आधीच विचारून घ्यावे.

मुलाला दोन्ही खांदे, कमरेच्या दोन्ही बाजू आणि मांड्यांमधून अशा पाच ठिकाणी बांधणारा पट्टा हवा. पालकाच्या मनगटात अडकवायचा पट्टा असणे तितकेच महत्त्वाचे. ठेच लागून मूठ सुटली, तरी गाडी त्यामुळे उतारावर पळून जात नाही. उभी गाडी रोखणारा ब्रेक तर हवाच. चढ-उताराच्या भागात हाताने दाबायचा ब्रेकही असावा. मुठीची उंची बदलता यावी आणि धावताना पाय मागच्या आसावर आपटू नयेत. या गाड्या बऱ्याच जड असतात. मुलाचे वजन धरून २० किलोंपेक्षा अधिक भार ढकलावा लागतो. घडी केलेली गाडी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि मोटारीच्या डिकीत मावते का, हेही मोजून पाहावे.

ऊन आणि वारा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर जातो. या दिवसांत उजाडताच धावून परतावे. पालकाच्या अंगाला धावण्याने घाम येतो, वारा लागतो. मूल मात्र आसनात स्थिर असते आणि त्याची पाठ कापडाला चिकटलेली असते. म्हणून मोठे छत आणि हवा खेळती ठेवणारी जाळी पाहून घ्यावी. ऊन लागू नये म्हणून गाडीवर चादर किंवा टॉवेल टाकण्याची सवय चुकीची आहे. हवा कोंडते आणि आतले तापमान वाढते. थोड्या थोड्या वेळाने थांबून मुलाची मान व पाठ हाताने तपासावी.

सुरुवात करताना

पहिले काही दिवस आसनात १० किलो ज्वारीची पिशवी पट्ट्याने बांधून सराव करावा. वळणे, गतिरोधक आणि ब्रेक यांचा अंदाज आला, की मुलाला घेऊन प्रथम केवळ चालावे. धावू लागल्यावर वेग नेहमीपेक्षा कमी राहील, हे मान्य करावे. कानात गाणी लावू नयेत; मुलाचा आवाज आणि मागून येणारे वाहन दोन्ही ऐकू आले पाहिजे. मूल झोपले असले, तरी पट्टा सोडू नये. ते रडू लागले, तर राहिलेली फेरी सोडून घरी परतावे.