संकेतस्रावी बहुवारिके

चेतापेशींना वाढवणारी किंवा उद्दीपित करणारी रसायने स्वतःत साठवून ती हव्या त्या जागी, हव्या त्या वेगाने सोडणारे पॉलिमर, म्हणजेच बहुवारिके. औषधाला लावलेला हा नळ म्हणता येईल.

त्याची गरज का पडली, हे चेतावृद्धी घटक या प्रथिनावरून कळते. त्याच्या शोधासाठी रीता लेव्ही-मोन्ताल्चीनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल मिळाले. पण हे प्रथिन रक्तात फार काळ टिकत नाही आणि टोचले की दुखते. मधुमेही चेताविकारावरच्या मोठ्या चाचणीत ते अपयशी ठरले. संकेत योग्य असूनही तो पोचवण्याचा मार्ग सदोष होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रथिनांसारखे मोठे रेणू पॉलिमरमधून दीर्घकाळ झिरपू शकतात हे रॉबर्ट लँगर आणि जुडा फोकमन यांनी १९७६ मध्ये इथिलिन व्हिनाइल ॲसिटेट वापरून दाखवले होते. नंतर पॉलिलॅक्टिक-ग्लायकोलिक सहबहुवारिक पुढे आले. पाण्याने त्याच्या साखळ्या तुटतात, लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्ले उरतात आणि रोपण काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागत नाही. तुटलेल्या चेतेची दोन टोके जोडणाऱ्या नळीत असा साठा ठेवण्याचे प्रयोग बरेच झाले आहेत. चेतातंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतात, म्हणून साठा महिनोन्महिने पुरावा लागतो.

दुसरी शाखा विजेवर चालते. स्वीडनमध्ये लिंशॉपिंग आणि कॅरोलिन्स्का येथील संशोधकांनी पेडॉट या वाहक पॉलिमरचा आयनपंप केला. विद्युतदाब दिला की आयन सरकतात, द्रव मात्र ढकलला जात नाही. २००९ मध्ये त्यांनी अशा पंपातून गिनी पिगच्या अंतःकर्णात ग्लूटामेट सोडून श्रवणप्रतिसाद बदलल्याचे दाखवले.

वर्धा जिल्ह्यात हा विषय कुष्ठरोगामुळे जवळचा ठरतो. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली, सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठग्रस्त परचुरे शास्त्रींची शुश्रूषा केली आणि १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. कुष्ठाचा जंतू चेतातंतूंना आवरण देणाऱ्या श्वान पेशींत शिरतो. कोपरामागची अल्नर चेता जाड होते, करंगळीकडची बोटे बधिर होऊन आखडतात. बहुऔषधी उपचाराने जंतू मरतात, पण मेलेल्या चेतेची संवेदना त्याने परत येत नाही. चेतादाह लवकर ओळखला तर प्रेडनिसोलोनचा उपयोग होतो. उशीर झाला तर स्नायुबंध फिरवण्याची शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि हातापायांची रोजची निगा एवढेच हाती उरते. कुष्ठग्रस्त त्वचेत चेतावृद्धी घटक घटलेला असतो, असे मुंबईतील डॉक्टरांचा सहभाग असलेल्या अभ्यासाने १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मधून मांडले. कमतरता जिथे आहे तिथेच घटक पोचवण्याचा विचार त्यामुळे सयुक्तिक ठरतो. मात्र कुष्ठात चेता एका जागी कापली जात नाही, ती लांबवर दाहाने जळते. त्यामुळे दोन टोके जोडणारी नळी इथे जशीच्या तशी लागू पडत नाही आणि आधी दाह शमवावा लागतो.

कुष्ठरुग्णांपर्यंत खरोखर पोचलेले पॉलिमर वेगळेच आहे: मऊ, सच्छिद्र रबराच्या एमसीआर चपला. त्या कोणताही संकेत सोडत नाहीत. बधिर तळव्यावरचा दाब पसरवून जखमा टाळतात.